कोरडी नदी भूजल कसं भरते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाळवंटी आणि निमवाळवंटी प्रदेशांतल्या नद्या वर्षातले बहुतेक दिवस नुसती वाळू असतात. त्या वाळूतून वाहने जातात, गुरं बसतात, लोक कचरा टाकतात. पण त्या भागातल्या विहिरींना जे पाणी मिळतं, त्याचा मोठा वाटा याच वाळूतून खाली उतरलेला असतो. त्याबद्दल पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

वर्षभर कोरडी असते, तर तिला नदी का म्हणायचं?

कारण पात्र पाण्यानंच घडवलेलं असतं आणि पाणी परत येणार असतं. अरबी भाषकांकडे अशा नदीला 'वादी' हा स्वतंत्र शब्द आहे, स्पॅनिश भाषकांकडे 'अरोयो'. जिथे लोक पिढ्यानपिढ्या अशा नद्यांच्या काठी राहिले, तिथे तिला नाव मिळालं. 'पडीक जागा' असं तिच्याकडे बाहेरचे बघतात. शिवाय वर कोरडी दिसणारी नदी खाली कोरडी असेलच असं नाही. वाळूत हातभर झिरा खणला की पाणी लागतं, हे अशा नद्यांच्या काठचं लहान मूलही सांगेल.

पाणी तर जमिनीत सगळीकडेच मुरतं. मग पात्राचंच एवढं महत्त्व का?

ओल्या प्रदेशात सगळीकडे मुरतं, हे खरं. शेतातून, माळावरून, जंगलातून थोडं थोडं पाणी खाली जातं आणि भूजलाला मिळतं. वाळवंटात हा हिशेब पार बदलतो. मोकळ्या सपाट जमिनीवर 20 मिलिमीटर पाऊस पडला, तर वरची वीतभर माती भिजते. पुढचे काही दिवस ऊन ते पाणी परत ओढून घेतं, उरलंसुरलं झुडपांची मुळं घेतात. खाली जायला काही शिल्लकच राहत नाही.

याचा पुरावा मिठात सापडतो. पावसाच्या पाण्यात किंचित क्लोराइड असतं. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं आणि मुळांच्या खाली साठत जातं. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटात दोन ओढ्यांच्या मधल्या सपाट जमिनीखाली असं साठलेलं मीठ मोजलं गेलं. ते साठायला दहा हजारांहून अधिक वर्षं लागली असणार, असा हिशेब निघाला. म्हणजे शेवटचं हिमयुग संपल्यापासून त्या जमिनीतून पाणी खोलवर गेलेलंच नाही! त्याच भागात ओढ्याच्या पात्राखाली मात्र मीठ जवळपास नसतं. ते धुऊन खाली गेलेलं असतं, कारण तिथून पाणी गेलेलं असतं.

फरक पडतो तो पाणी एकवटल्यामुळे. डोंगरउतारावर पडलेला पाऊस खडकावरून आणि कडक मातीवरून घसरतो, घळीत येतो, ओढ्यात येतो. वीस-तीस चौरस किलोमीटरवरचं पाणी काही मीटर रुंदीच्या भरड वाळूवर येऊन पडतं. जमिनीवर जे काही मिलिमीटर होतं, ते पात्रात मीटरभर होतं. एवढ्या पाण्यापुढे ऊन आणि मुळं दोन्ही अपुरी पडतात आणि पाणी त्यांच्या हाती लागण्याआधीच खाली निसटतं.

पूर आला की वाळूच्या आत नेमकं काय घडतं?

आधी लोंढ्याचं तोंड येतं. काटक्या, फेस, पालापाचोळा पुढे ढकलत येणारं गढूळ पाणी. ते कोरड्या वाळूवर चढतं तेव्हा दोन गोष्टी एकाच वेळी होतात. कोरडी वाळू पाणी अक्षरशः ओढून घेते, कारण कणांमधल्या बारीक जागा पाण्याला केशाकर्षणानं खेचतात. पण त्या जागांत हवा भरलेली असते आणि तिला बाहेर पडायला वाट हवी असते. पुराच्या पाण्यावर कधीकधी बुडबुडे येताना दिसतात, ती हीच अडकलेली हवा.

सुरुवातीचा हा जोर काही काळच टिकतो. वरची वाळू भिजली की वेग स्थिरावतो आणि मग मार्गातला सर्वांत घट्ट थर तो ठरवतो. वर पाच मीटर भरड वाळू आणि मध्ये चार बोटं चिकणमाती असेल, तर सत्ता त्या चार बोटांची. इथे पुराचं पाणी स्वतःच स्वतःच्या वाटेत अडथळा आणतं. त्यात भरपूर गाळ असतो. प्रवाह जोरात असतो तोवर गाळ वाहत राहतो आणि तळाची वाळूही खवळून मोकळी होते. पूर ओसरू लागला की गाळ खाली बसतो आणि वाळूची तोंडं बुजवतो. चार दिवसांनी पात्रात गेलात तर भेगाळलेले, कडा वर वळलेले चिखलाचे पापुद्रे दिसतात, तेच हे झाकण. पुढचा जोरदार पूर ते फोडून काढतो. म्हणून एकाच नदीचा मुरण्याचा वेग एका पुरात जो असेल, तोच पुढच्या पुरात असेल असं धरून चालता येत नाही.

वाळूतून उतरलेलं पाणी खालच्या कोरड्या-ओलसर थरांतून जात जात शेवटी भूजलाला भिडतं. तिथे पात्राच्या खाली पाण्याचा एक उंचवटा तयार होतो. नंतर तो हळूहळू दोन्ही बाजूंना पसरत सपाट होतो आणि तेव्हा काठापासून दूरच्या विहिरींना त्याचा लाभ मिळू लागतो.

पूर जितका मोठा, तितकं पाणी जास्त मुरतं, बरोबर ना?

सगळ्यांना असंच वाटतं, पण हे अर्धंच बरोबर आहे. नामिबियातली कुइसेब नदी वर डोंगराळ पठारावर उगम पावते आणि नामिब वाळवंट ओलांडून अटलांटिककडे जाते. समुद्रापर्यंत तिचा पूर क्वचितच पोचतो. गोबाबेब इथे, जिथे वर्षाला जेमतेम 20-25 मिलिमीटर पाऊस पडतो, संशोधन केंद्र आहे. नदीच्या या वाळवंटी टप्प्यात 2006 साली पात्राच्या पृष्ठभागापासून भूजलापर्यंत संपूर्ण जाडीत ओलावा मोजणारी उपकरणं बसवून लागोपाठ पाच पूर नोंदवले गेले. पाचही पुरांची उंची वेगवेगळी होती, पण मुरण्याचा वेग जवळपास सारखाच निघाला.

याचा अर्थ, किती उंच पाणी आलं यापेक्षा किती वेळ राहिलं याला जास्त किंमत आहे. दुसरी अट म्हणजे खाली पाणी घ्यायला जागा शिल्लक हवी. फार मोठा पूर काठावरच्या उंच सपाट भागावरही पसरतो आणि खूप पाणी 'मुरलं' असं वाटतं. पण तिथली माती बारीक असते. ती पाणी धरून ठेवते आणि झाडं ते पिऊन टाकतात, भूजलापर्यंत फारच थोडं जातं. मोठ्या पुराचा खरा फायदा हा की तो सहसा जास्त तास वाहतो.

मला या विषयातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. पुराच्या बातमीत आपण पाणी किती फूट चढलं ते विचारतो. विहिरींच्या दृष्टीनं प्रश्न हवा तो पात्रात किती तास पाणी होतं, हा.

एका पुरात किती पाणी मुरू शकतं?

कागदावर एक हिशेब मांडू. पात्र 20 मीटर रुंद, 10 किलोमीटर लांब. मुरण्याचा वेग तासाला 2 सेंटीमीटर. पाणी 10 तास टिकलं. पात्राचं क्षेत्रफळ 2 लाख चौरस मीटर, मुरलेल्या पाण्याची उंची 20 सेंटीमीटर. गुणाकार केला की 40 हजार घनमीटर, म्हणजे 4 कोटी लिटर.

आता हे पाणी वाळूत कसं दिसेल? वाळूत सगळी जागा पोकळ नसते आणि पोकळीतलं सगळं पाणी काढताही येत नाही. भरड वाळूतून साधारण पाचवा हिस्सा पाणी मोकळं मिळतं असं धरलं, तर 20 सेंटीमीटर पाण्यानं पात्राखालची पातळी मीटरभर चढेल. एकाच दिवसात विहिरीचं पाणी हातभर वर आलं असं लोक सांगतात, त्यामागचं गणित हे असं आहे.

वर मोठा पूर होता आणि खालच्या गावात पोचलाच नाही. पाणी गेलं कुठे?

वाटेत मुरलं. ओल्या प्रदेशात नदी खाली जाताना मोठी होते, वाळवंटात उलट, ती वाटेत लहान होत जाते. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात टूम्बस्टोन गावाजवळ वॉलनट गल्च नावाचं सुमारे 150 चौरस किलोमीटरचं पाणलोट क्षेत्र आहे. तिथे 1950 च्या दशकापासून पावसाची आणि प्रवाहाची मोजणी चालू आहे. उन्हाळ्यातल्या वादळी सरीनंतर वरच्या मोजमापकावर पूर नोंदला जातो, पण खाली येईपर्यंत त्याचा सर्वांत मोठा प्रवाह घटलेला असतो. छोटे पूर तर शेवटच्या मोजमापकापर्यंत येतच नाहीत.

अभियंते याला 'वहनातील घट' म्हणतात. खाली धरणावर बसून पाणी मोजणाऱ्याला ती घटच वाटणार. पण विहिरीच्या बाजूनं बघितलं तर तीच जमा आहे. आपण 'कुठेतरी पाणी मुरतंय' असं म्हणतो ते संशयानं. या नद्यांच्या काठी मात्र पाणी मुरतंय ही आनंदाची बातमी असते.

मुरलेलं सगळं पाणी भूजलापर्यंत पोचतं का?

नाही. 'मुरलं' आणि 'भूजलात गेलं' यांत अंतर आहे आणि अनेक आकडे याच जागी फसतात.

वरच्या थरातलं काही पाणी ऊन घेतं. भरड वाळूत केशाकर्षण थोडं असल्यामुळे पाणी अर्धा-पाऊण मीटर खाली गेलं की बाष्पीभवन फारच मंदावतं. वाळू स्वतःच झाकण बनते. बारीक गाळ मात्र खूप खोलवरूनही पाणी वर खेचतो. काही पाणी काठच्या झाडांकडे जातं. काही ठिकाणी मध्येच चिकणमातीचा किंवा चुनखडीचा कठीण थर असतो. त्यावर पाणी अडतं, आडवं सरकतं आणि खालच्या मुख्य जलधरापासून, म्हणजे भूजल धरून ठेवणाऱ्या थरापासून वेगळं, अधांतरी साठा बनून राहतं. अशा साठ्यावर खणलेली विहीर पुरानंतर तुडुंब भरते आणि थोड्याच महिन्यांत आटते. शेजारची खोल विहीर मात्र जागची हलत नाही. गावात यावरून बराच गोंधळ होतो, पण दोन्ही विहिरी खरं तेच सांगत असतात.

पाणी खाली पोचायला किती वेळ लागतो?

भूजल पाच-दहा मीटरवर असेल आणि मध्ये वाळूच असेल तर काही तासांत किंवा दिवसांत पातळी हलते. शंभर मीटर खाली असेल, मध्ये मातीचे थर असतील तर वर्षं, कधी दशकंही लागतात.

जमिनीखालचं न दिसणारं पाणी मोजतात कसं?

सर्वांत सरळ मार्ग म्हणजे पात्राजवळच्या निरीक्षण विहिरीतली पातळी पुराआधी आणि पुरानंतर बघणं. दुसरा, वर आणि खाली दोन ठिकाणी प्रवाह मोजून वजाबाकी करणं. यात मोजमापाची चूकच कधीकधी उत्तराएवढी मोठी असते, कारण वाळवंटी पुरात पात्राचा तळच बदलत असतो.

काही पद्धती मात्र फार सुंदर आहेत. पात्रातल्या वाळूचं तापमान दिवसा वाढतं, रात्री उतरतं. कोरड्या वाळूत ही चढउतार वरच्या थरातच विरते. पाणी खाली जात असेल तर ते उष्णता बरोबर घेऊन जातं आणि तीच चढउतार खोलवर दिसू लागते. म्हणून वाळूत वेगवेगळ्या खोलीवर पुरलेले साधे तापमापक पाणी कधी आलं, किती वेळ राहिलं आणि साधारण किती वेगानं उतरलं हे सांगू शकतात. महागडं यंत्र पुरात वाहून जाण्याची भीती नाही.

ॲरिझोनातच टुसॉन शहराच्या रिलिटो ओढ्याजवळ गुरुत्वाकर्षण मोजून पाहिलं गेलं. जमिनीखाली पाणी साठलं की तिथलं वस्तुमान वाढतं आणि गुरुत्वाकर्षणात अतिसूक्ष्म फरक पडतो. संवेदनशील उपकरण पुन्हा पुन्हा त्याच जागी नेऊन ठेवलं तर तो फरक पकडता येतो. एकही भोक न पाडता साठा वाढला की घटला हे समजतं.

पाण्याचं वय काढायला ट्रिटियम हा हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार उपयोगी पडला. अणुचाचण्यांमुळे 1963 च्या सुमारास उत्तर गोलार्धातल्या पावसात त्याचं प्रमाण शिगेला पोचलं होतं. ज्या विहिरीत ते वाढलेलं सापडलं, तिथे अणुचाचण्या सुरू झाल्यानंतरचा पाऊस पोचला होता हे सिद्ध झालं. त्याचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) 12.3 वर्षं असल्यानं ती खूण आता पुसट झाली आहे. फार जुन्या पाण्यासाठी कार्बन-14 वापरतात.

हे पुनर्भरण, म्हणजे भूजल पुन्हा भरणं, दरवर्षी होतं का?

बहुतेक ठिकाणी नाही. टांझानियात डोडोमाजवळच्या मकुटापोरा विहीर क्षेत्रात भूजलपातळीची 55 वर्षांची नोंद आहे. तिचा आलेख बघितला तर पातळी वर्षानुवर्षं हळूहळू उतरते आणि मग एखाद्या अतिवृष्टीच्या हंगामात एकदम उसळते. असे हंगाम बरेचदा एल निनोशी, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापण्याशी जोडलेले असतात. मोजक्या हंगामांनी दशकांचं खातं भरलेलं दिसतं.

म्हणून सरासरी पुनर्भरण हा आकडा जपून वापरायला हवा. 'दरवर्षी इतकं भरतं, तेवढं उपसा' हा हिशेब कागदावर बरोबर दिसतो, पण दोन चांगल्या पुरांमध्ये आठ-दहा वर्षं गेली तर विहीर त्या सरासरीवर जगू शकत नाही.

वाळू काढली की पात्र खोल होतं. मग जास्त पाणी साठेल ना?

खड्ड्यात साठलेलं पाणी दिसतं, म्हणून असं वाटतं. प्रत्यक्षात तोटा तीन बाजूंनी होतो. वाळू हीच साठवणीची टाकी असते. ती नेली की टाकी गेली. उघडं पडलेलं पाणी उन्हात उडतं, तेच वाळूखाली सुरक्षित होतं. आणि पात्राचा तळ भूजलपातळीच्याही खाली गेला तर काठच्या जमिनीतलं पाणी उलट पात्राकडे वाहू लागतं, शेजारच्या विहिरी उतरतात. शिवाय खड्ड्यांत बारीक गाळ बसतो आणि पुढच्या पुराला तळ बुजलेला मिळतो. गाळाचा पापुद्रा खरवडणं आणि वाळू उपसणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं उपकारक, दुसऱ्यानं नदीचं पोटच कापलं जातं.

काठची झाडं पाणी पितात. ती तोडावीत का?

सरसकट तोडू नयेत. झाडं पाणी घेतात हे खरंच, पण त्यांची मुळं काठ धरून ठेवतात, पुराचा वेग कमी करतात आणि पाणी पात्रात जास्त वेळ रेंगाळतं. कुइसेबच्या काठची उंच झाडं वाळवंटाच्या मधोमध हिरवी रेघ ओढतात. तिथल्या माणसांची आणि जनावरांची सावली नि चारा त्यावर आहे.

बाहेरून आलेल्या वेड्या बाभळीचं प्रकरण वेगळं आहे. नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या कोरड्या पात्रांत तिनं गर्दी केली आहे. ती मुळासकट काढावी लागते. नुसती छाटली तर आणखी दाट फुटते.

बंधारा बांधला तर मदत होते का?

कुठे बांधता आणि पाण्याचं पुढे काय करता, यावर अवलंबून आहे. नामिबियात ओमारुरू नदीवर 1990 च्या दशकात उभारलेली ओमडेल योजना मला या बाबतीत फार शहाणपणाची वाटते. धरणात पुराचं पाणी अडवतात, पण तिथे मुरवत नाहीत. गाळ खाली बसू देतात, मग वरचं निवळ पाणी खालच्या बाजूला मुरवण्याच्या तळ्यांत सोडतात. पाणी अडवायची जागा एक, मुरवायची दुसरी. ओमानमधली पुनर्भरण धरणंही याच तत्त्वावर चालतात. मस्कतजवळचं अल खौद धरण 1985 मधलं. पुराचा काही तासांचा लोंढा धरून तो अनेक दिवस निवळ धारेनं सोडला की खालच्या पात्राला भरपूर वेळ मिळतो.

याउलट गाळ काढायची सोय नसलेला बंधारा काही पुरांतच चिखलानं भरतो आणि मग त्याच्या पोटातलं पाणी फक्त उन्हाला जातं. वरच्या बाजूला लहान लहान तळी खूप झाली, तर छोटे पूर वरच अडतात आणि खालच्या पात्राला काहीच मिळत नाही. एका गावाचं पुनर्भरण दुसऱ्या गावाचं नुकसान ठरू शकतं, म्हणून हा निर्णय संपूर्ण नदी डोळ्यांपुढे ठेवूनच घ्यावा.

केनियातले वाळूचे बंधारे म्हणजे हेच का?

थोडे वेगळे. किटुई आणि मचाकोस भागांत खडकावर पक्की भिंत बांधतात, तिच्यामागे पुरानं आणलेली भरड वाळू साठते आणि पाणी त्या वाळूत राहतं. तळाशी खडक असल्यामुळे ते फारसं खोल जात नाही. तो मुख्यतः साठा असतो.

पात्र सिमेंटनं बांधून काढलं तर?

मुरणं थांबतं. पूर वेगानं पुढे जातो आणि खालच्या वस्तीला जास्त धोका होतो.

हे पाणी पिण्यालायक असतं का?

वाळू गाळणीचं काम करते, पण तिच्याकडून सगळ्याची अपेक्षा करू नये. गढूळपणा आणि बरेचसे जंतू वरच्या थरांत अडतात. पाण्यात विरघळलेलं मीठ, नायट्रेट, कारखान्याचं रसायन अडत नाही. पात्र हे भूजलाचं उघडं तोंड आहे. ज्या वेगानं स्वच्छ पाणी आत जातं, त्याच वेगानं सांडपाणीही जातं.

क्षाराचा प्रश्न वाळवंटात कायमचा आहे. थरच्या वाळवंटातली लुणी नदी अजमेरजवळ अरवलीत उगम पावते आणि कच्छच्या रणात संपते. वरच्या भागात तिचं पाणी गोडं असतं, बालोतऱ्याच्या पुढे खारट होत जातं. नावातही लवण आहेच. कोरड्या काळात पृष्ठभागावर आलेलं मीठ पहिला पूर विरघळवून खाली नेतो. म्हणून पहिल्या पुरानंतर लगेच घेतलेला विहिरीचा नमुना आणि तिसऱ्या पुरानंतरचा नमुना यांत बराच फरक येऊ शकतो. पिण्यासाठी वापरायचं असेल तर दोन्ही तपासून घ्यावेत.

आपल्या विहिरीला नदीचं पाणी मिळतं की नाही, हे कसं ओळखायचं?

एक दोर, एक वजन आणि एक वही पुरते. विहिरीच्या काठावर कायमची खूण करा आणि त्याच खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. मोटार बंद करून काही तास झाल्यावरच मोजा, नाहीतर उपशानं उतरलेली पातळी मिळेल. कोरड्या दिवसांत आठवड्यातून एकदा, पूर आल्यावर रोज. वहीत पूर किती वाजता आला आणि किती वाजता ओसरला हेही लिहा, कारण वर सांगितल्याप्रमाणे उत्तर त्या तासांत दडलेलं असतं.

पात्रापासून वेगवेगळ्या अंतरावरच्या तीन-चार विहिरी एकत्र मोजता आल्या तर चित्र स्पष्ट होतं. आधी पात्राजवळची विहीर चढली, मग पुढची, मग त्यापुढची, आणि दरवेळी चढ थोडा कमी होत गेला, तर पाणी नदीकडून येतं आहे. सगळ्या एकदम चढल्या तर आधी शेजाऱ्यांना विचारा. पाऊस आल्यामुळे सगळ्यांनी उपसा थांबवला असेल, तरीही पातळी अशीच वर येते. आणि पूर चालू असताना मोजायला पात्रात उतरू नका. वाळवंटात डोक्यावर निरभ्र आकाश असतानाही वर कुठेतरी पडलेल्या पावसाचा लोंढा मिनिटांत येतो. ओसरल्यानंतरही पाण्यानं भरलेली वाळू पायाखाली खचते. पात्रात खणलेल्या झिऱ्याच्या कडा कोसळतात, तेव्हा खोल झिऱ्यात एकट्यानं कधीच उतरू नका.